पत्र्यावरचं भरतकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओसरीवर काही बाया-माणसं आठवड्यातून एकदा सुई-दोरा आणि पत्रा घेऊन बसतात, पत्र्यावर भरतकाम करतात आणि त्यालाच ध्यान म्हणतात. फोटो फिरले तसे प्रश्न येऊ लागले, आणि तेच तेच पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ज्याचं उत्तर आधी आलं आहे तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. पत्र्यावर भरतकाम म्हणजे जरीकामच का?

नाही. जरीकामात किंवा जरदोजीत धातूची तार कापडावर बसते. इथे दोरा सुती असतो आणि कापडाच्या जागी पत्रा. पत्र्याला बारीक भोकं पाडायची, त्यांच्या कडा घासून काढायच्या आणि मग त्यातून सुई ओवत टाके घालायचे. बहुतेक जण फुलीचा टाका घालतात, कारण भोकं चौकटीच्या कागदावर आखून ओळीत पाडता येतात. धावदोरा आणि उलटी टीपही चालते.

ही कल्पना आमची नव्हे. लिथुआनियातल्या सेवेरिया इंचिराउस्काइते-क्रियाउनेविचिएने या कलाकार बाईंनी मोटारीची दारं, बादल्या, तवे, सैनिकांची शिरस्त्राणं यांवर फुलीच्या टाक्यांची फुलं भरली आहेत. आमच्याकडे मोटारीचं दार कुठून येणार? तेलाचा १५ किलोचा टिन, जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजाचं, म्हणजे पातेल्याचं झाकण, बूड गेलेलं घमेलं, एवढंच आमचं भांडवल.

२. यात ध्यान कुठून आलं? शिवणंच तर आहे हे.

गोधडी शिवणारी बाई सुईवर चार-पाच टाके एकदम घेते आणि ओढते. हात सवयीने चालतो, मन मात्र बँकेच्या हप्त्यापासून लेकीच्या सासरापर्यंत सगळीकडे फिरून येतं. पत्र्यावर हे जमत नाही. सुई एकावेळी एकाच भोकातून जाते. वरून खाली घालताना भोक दिसतं, पण खालून वर येताना दिसत नाही. मग सुईचं टोक आतून पत्र्याला टिक, टिक करत भोक शोधतं, सापडलं की अलगद वर येतं आणि मागून दोरा सरसरत येतो. तेवढा वेळ दुसरं काही सुचत नाही. ध्यान म्हणतो ते एवढंच.

आम्ही बसतो ते असे. पहिली दोन-चार मिनिटं सुई हातात घ्यायची नाही, नुसता पत्रा हाताने चाचपायचा: थंड कुठे, खरबरीत कुठे, पोचा कुठे. मग श्वास घेताना सुई वर, सोडताना खाली. श्वास ओढूनताणून लांबवायचा नाही, तो चालेल त्याच्या चालीने हात चालवायचा. मन पळालं तर सुई जिथे असेल तिथे थांबवून पुढचं भोक बोटाने शोधायचं. ज्यांनी विपश्यनेचं शिबिर केलंय त्यांना आनापान (नुसतं श्वासाकडे लक्ष ठेवणं) ठाऊकच आहे, त्यांना हे लवकर साधतं. आमच्यातली एक मावशी प्रत्येक टाक्याला ‘गण गण गणात बोते’ म्हणते. तेही चालतं. फुल्या मोजत बसणं मात्र चालत नाही, कारण मोजायला लागलं की किती झाल्या आणि किती राहिल्या याचीच घाई सुरू होते.

अर्धा तास पुरे. ओळ अर्धी राहिली तरी उठायचं. आमच्याकडे ही गोष्ट नवीनही नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला आले, आणि तिथे रोजची सूतकताई हा प्रार्थनेइतकाच नेमाचा भाग होता. हाताला लय मिळाली की मन निवतं, हे वर्धेकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

३. याने आजार बरा होतो का? डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्या सोडू का?

सोडू नका. बी.पी.च्या नाही, झोपेच्या नाही, मनाच्या तर मुळीच नाही. हे काम कुठल्याही औषधाच्या बदल्यात नाही.

हातकामाने जीव स्थिरावतो, हा अनुभव मात्र जुना आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या ब्रिटिश सैनिकांना दवाखान्यात भरतकाम शिकवलं जात असे. १९१८ मध्ये लंडनला अशा अपंग सैनिकांच्या भरतकामासाठी वेगळी संस्थाच निघाली, आणि तिच्या उभारणीत अर्नेस्ट थेसिगर हा स्वतः युद्धात जखमी झालेला नट पुढे होता. तिथल्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या वेदीसाठी सैनिकांनी भरलेलं वस्त्रही आहे. त्या लोकांना हाताला काम, बसायला सोबत आणि थोडे पैसे मिळाले. आमच्या ओसरीवर मिळतं तेही याहून फार वेगळं नाही. बसलेल्यांची झोप सुधारते, चिडचिड उतरते असं त्या स्वतः सांगतात. त्यात पत्र्याचा वाटा किती आणि चार बाया एका जागी बसण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही वाटत नाही.

घरात कुणी ‘आता जगून काय करू’ असं बोलत असेल तर मात्र सुई-दोरा बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

४. सुरुवातीला काय काय लागतं?

फार नाही. सेंटर पंच (ठोकून खळगी पाडायचा टोकदार दांडा) आणि हातोडी, हाताने फिरवायचं ड्रिल, त्याला १.५ मिलिमीटरचं पातं, बारीक कानस, २२० नंबरचा पॉलिश पेपर, सागाचे दोन फळकूट, दोन शिकंजे (क्लॅम्प), चौकटीचा कागद आणि चिकटपट्टी. दोरा सहा पदरी सुती भरतकामाचा, अँकरच्या लडीसारखा. एका लडीत ८ मीटर असतो. सुई टोकाला बोथट आणि नेढं मोठं असलेली घ्या, २४ नंबरची. टोकदार सुई पत्र्यावर घसरते आणि बोटात जाते.

विजेचं ड्रिल असेल तर वेग कमी ठेवा. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही, आणि हाताचं ड्रिल पातळ पत्र्याला पुरून उरतं.

५. कोणता पत्रा घ्यावा?

पहिल्यांदा तेलाचा टिन. त्याचा पत्रा पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर जाडीचा असतो, खिळ्यानेसुद्धा भोक पडतं. जर्मनचं झाकण त्याहून जाड पण मऊ, तेही सोपं. पितळेला भोक छान साफ पडतं. तांबं चिवट, पात्याला धरून बसतं, म्हणून दोन थेंब तेल सोडत हळू चालवा. स्टीलच्या नादी सुरुवातीला लागू नका. पातं नुसतं घासत राहिलं की स्टील त्या जागी आणखी कडक होतं आणि पात्याची धार जाते. छपराचा जुना टिन चालतो, त्याच्यावर जस्ताचा थर असतो, म्हणून तो तापवू किंवा जाळू नका. जस्ताचा धूर नाकात गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

६. घरात फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पडले आहेत. ते धुऊन वापरले तर?

नाही. तीनदा धुतला तरी नाही, उन्हात महिनाभर वाळवला तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी या डब्यांबद्दल दुसऱ्यांदा विचारायला नको. कीटकनाशकाचा डबा रिकामा झाला की तो निकामी करून टाकायचा असतो, घरात कशालाही वापरायचा नसतो. इथे तर तुम्ही तो मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास हाताळणार, आणि भोकं घासताना त्याची भुकटी उडणार.

तसंच पेट्रोल-डिझेलच्या टाकीला, स्प्रेच्या डब्याला, सिलिंडरला कधीही ड्रिल लावू नका. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते. जुन्या रंगाचे पोपडे सुटलेला पत्राही टाळा. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं, घासलं की ते श्वासात जातं, आणि लेकरांच्या अंगाला ते फार बाधतं.

७. भोकं सरळ ओळीत कशी पाडायची? आमची वाकडीतिकडी येतात.

खरं काम इथेच आहे, टाके त्या मानाने सोपे. आधी हिशेब करा: १० बाय १० फुल्यांच्या चौकोनाला ११ बाय ११, म्हणजे १२१ भोकं लागतात. पहिल्या वेळी याहून मोठं काही घेऊ नका.

चौकटीचा कागद पत्र्यावर चिकटपट्टीने चारही बाजूंनी पक्का करा. दोन भोकांत ४ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा, जवळ घेतली तर मधला पत्रा फाटतो. प्रत्येक खुणेवर सेंटर पंच उभा धरून एक हलका ठोका द्या, म्हणजे खळगी पडते आणि पातं घसरत नाही. सगळ्या खळग्या झाल्या की कागद काढून एकदा तिरप्या उजेडात बघा. वाकडी ओळ इथे दिसते आणि इथेच सुधारता येते. मग पत्रा दोन फळकुटांच्या मध्ये दाबून शिकंज्याने आवळा आणि भोक पाडा. पातळ पत्रा हाताने धरून ड्रिल कधीच लावायचं नाही. पातं अडकलं की पत्रा पंख्यासारखा गरकन फिरतो आणि मनगट कापतो.

पाठीमागून प्रत्येक भोकाला धारदार कूस निघते. ती कानशीने काढा, मग पॉलिश पेपर फिरवा. कूस राहिली तर दोरा दहाव्या टाक्याला तुटतो. म्हणून दोराही एका वेळी हातभरच घ्यायचा.

८. टिन किंवा घमेलं खोल असतं, आत हात कसा पोचणार?

घमेलं उघडं असतं, अडचण नाही. उभ्या टिनाचं वरचं झाकण कापून घ्या आणि कडा दुमडून ठोका. तरी खालच्या ओळी एकट्याने करताना खांदा भरून येतो, म्हणून आम्ही दोघींनी करतो. एकीचा हात टिनात, दुसरी बाहेर. बाहेरची सुई आत ढकलते, आतली ती चाचपून धरते, दोरा ओढून घेते आणि पुढच्या भोकातून टोक बाहेर काढते. बोलून काम होत नाही, दोऱ्याच्या ताणावरून कळावं लागतं. एरवी एकमेकींशी धड न बोलणारी एक सासू-सून यासाठी जोडीने बसते. टिन भरून झाला की त्यांचं पुन्हा काय होतं ते त्यांचं त्या जाणोत.

९. मले चष्मा हाय, सुईत दोरा ओवता येत नाई. जमन का?

जमन. वर सांगितलेल्या सुईचं नेढं मोठं असतं, आणि दोरा ओवायचा तारेचा थ्रेडर दुकानात स्वस्तात मिळतो. भोकांतलं अंतर ६ मिलिमीटर घ्या, भोक २ मिलिमीटरचं, आणि दोऱ्याऐवजी लोकर. पत्र्याच्या खाली पांढरा कापड धरला की भोकं उठून दिसतात. खरं सांगायचं तर पाठीमागून सगळेच आंधळे असतात (प्रश्न २), तिथे बोटाचंच काम.

१०. भोक चुकीच्या जागी पडलं. आता?

बुजत नाही. कापडावर टाका उसवला की छिद्र मिटतं, पत्र्यावर नाही. तिथे एक गाठीचा टाका किंवा मणी बसवून टाका, नाहीतर तसंच राहू द्या. एम-सीलने बुजवून वर रंग देण्याचा खटाटोप आम्हाला आवडत नाही, दोरा भरल्यावर तो डाग आणखीच डोळ्यांत येतो.

११. हात कापला तर?

साबण-पाण्याने भरपूर धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, मातीत आणि शेणात असतात. पण आपल्याकडे पडीक टिनाला माती-शेण लागलेलं असतंच. जखम खोल किंवा मळकट असेल आणि धनुर्वाताची सुई घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती घ्या. हळद भरून घरी बसू नका.

१२. मला शुगर आहे. मी करू का?

टाके घाला, भोकं दुसऱ्याकडून पाडून घ्या. शुगरमध्ये बोटं बधिर झाली असतील तर टोचलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हीच सूचना. कापूस वेचून बोटं बोंडांच्या टोकांनी फाटलेली असतील, तर त्या आठवड्यात कुणीच बसू नका.

१३. मी शांत बसले की जास्तच घाबरल्यासारखं होतं. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. काहींना डोळे मिटून किंवा गप्प बसलं की दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. मोठा धक्का बसलेल्या माणसांना तर हे फार होतं. अशा वेळी श्वासाच्या नादी लागू नका. अंगणात, चार जणींत बसा, गप्पा मारा, रेडिओ लावा, दहा मिनिटांत उठा. तरीही छाती धडधडत असेल तर हे काम तुमच्यासाठी नाही असं समजून सोडून द्या. भजन, चालणं, फुलझाडं, काय वाटेल ते करा. घाबरणं रोजचंच झालं असेल तर प्रश्न ३ मधला क्रमांक लावा.

१४. पुरुषांनी केलं तर लोक हसतील ना?

हसतील, आठवडाभर. मग टिन बघायला येतील. भोकं पाडायला पुरुष लगेच तयार होतात, सुई हातात घ्यायला लाजतात. प्रश्न ३ मधले सैनिक सांगून बघा. शेवटची वेचणी झाली की पावसाळ्यापर्यंत बऱ्याच घरांत गडीमाणूस पारावर बसून असतो, त्याला उचलून आणा.

१५. पावसाळ्यात गंज चढतो, उन्हाळ्यात पत्रा हाताला धरवत नाही. काय करायचं?

वैशाखात ४५ अंशांत उन्हात राहिलेला पत्रा चटका देतो. सकाळी आठच्या आत बसा, नाहीतर संध्याकाळी. घामाच्या बोटांचे ठसे लोखंडावर दोन दिवसांत तांबूस उमटतात, म्हणून मांडीवर फडकं ठेवा आणि हात पुसत राहा.

गंजासाठी भोकं पाडून झाल्यावर आणि दोरा घालण्याआधी दोन्ही बाजूंनी पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्या, भोकांच्या कडांनासुद्धा. तेल लावू नका, दोरा ते पितो. तयार काम धुवायचं नाही, कोरड्या ब्रशने झटकायचं. थेट उन्हात टांगलं की दोऱ्याचा रंग उडतो.

१६. माह्या सासूबाईचा पितळेचा गुंड हाय. त्याले भोकं पाडू का?

आमचं मत: नको. गुंड पाणी धरतो, तेव्हाच तो गुंड. भोक पाडलं की तो शोभेचा झाला, आणि सुनेच्या सुनेला पाणी भरायचं असेल तर तिने काय करायचं? भंडाऱ्याकडे पितळेची भांडी घडवणाऱ्यांची पिढीजात कसबी वस्ती आहे, तशी जुनी ठोकीव भांडी आता फारशी बनत नाहीत. फारच वाटलं तर वेगळ्या पितळी चकतीवर भरतकाम करून ती झाकण म्हणून ठेवा. पण बूड फुटलेलं, जोड सुटलेलं भांडं मोडीत जाणारच असेल तर ते अवश्य घ्या.

१७. नवरा जाऊन वर्ष झालं. त्यांचा वावरात न्यायचा जेवणाचा डबा आहे. त्यावर करावं असं वाटतं, पण हिंमत होत नाही.

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. कधी डबा असतो, कधी विळा, कधी लेकाच्या सायकलचं मडगार्ड.

हिंमत होत नाही, तोवर करू नका. पत्र्याला पडलेलं भोक परत घेता येत नाही, आणि दुःखात माणसाला वाटणारं रोज बदलतं. आज वाटतं डबा फुलांनी भरून टाकावा, सहा महिन्यांनी वाटेल होता तसाच हवा होता. आधी दुसऱ्या टिनावर काम करा, पूर्ण करा. त्यानंतरही डबा खुणावत असेल तर फक्त झाकण घ्या, डबा शाबूत ठेवा.

आमच्याकडे एका बाईने झाकणावर काही फूल-पान काढलंच नाही. झाकणाला चार ठिकाणी पोचे होते, बांधावर आपटून आपटून पडलेले. तिने त्या पोच्यांच्या कडेकडेने लाल दोऱ्याचा धावदोरा घातला, बाकी झाकण कोरं ठेवलं. नक्षी काय काढू म्हणून विचारणाऱ्यांना आम्ही त्याचा फोटो दाखवतो. वस्तूवर आधीच जे उमटलेलं असतं ते बघा, पुष्कळदा तेवढं पुरतं.

आणि घरातल्यांना विचारा. डबा तुमच्या नवऱ्याचा होता तसा कुणाच्या तरी बापाचा आणि कुणाच्या लेकाचाही होता.

१८. बंजारा भरतकामाची नक्षी पत्र्यावर घेतली तर चालेल का?

यवतमाळ-वाशीमकडच्या तांड्यांमध्ये हे काम आजही होतं. पोहरादेवीच्या यात्रेत काच-कवड्यांनी भरलेल्या कांचळ्या (चोळ्या) दिसतात. घरासाठी, शिकण्यासाठी घेत असाल तर तांड्यातल्या एखाद्या याडीजवळ (आईजवळ) बसून शिका, मोबाइलवरून उतरवू नका. विकण्यासाठी घेत असाल तर तिला कामात आणि पैशात वाटा द्या. नाव न सांगता विकणं आम्हाला पटत नाही.

१९. विकता येईल का?

येईल. बचत गटाच्या मार्फत सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या सरस प्रदर्शनात टेबल मिळू शकतं. पण ऑर्डरचं काम आणि बसण्याचं काम वेगळं ठेवा. दिवाळीच्या आत चाळीस दिवे-झाकणं द्यायची असतील तेव्हा कुणाचा श्वास जागेवर राहत नाही.

२०. शाळेतल्या मुलांना शिकवता येईल का?

तिसरी-चौथीच्या पुढे, भोकं पाडून आणि घासून ठेवलेल्या पत्र्यावर, हो. ड्रिल मुलांच्या हाती नाही. हस्तकामातून शिकवायचा विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडला गेला होता. गणिताच्या गुरुजींना प्रश्न ७ मधला १२१ चा हिशेब देऊन बघा, क्षेत्रफळ आणि बिंदू यांतला घोळ मुलांना फुल्या घालताना आपोआप कळतो.

२१. आमच्या गावात ड्रिल नाही. भोकं पाडलेले पत्रे पाठवाल का?

पाठवत नाही. वस्तू तुमच्या घरातली असावी, ही आमची एकच अट आहे. तालुक्याच्या ठिकाणी ग्रील-दरवाजे बनवणारा वेल्डिंगवाला असतोच. चौकटीचा कागद चिकटवून, पंचाच्या खळग्या पाडून पत्रा त्याच्याकडे न्या, म्हणजे त्याचं काम तासाभराचं. सोबत पातं स्वतःचं न्या, त्याच्याकडे एवढं बारीक बहुधा नसतं. कागदावर १.५ ठळक लिहा आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहा, नाहीतर तो सवयीने ३ चं पातं लावतो.